लेकरं घेतले

आमच्या धंद्यात एक वाक्य असतं. ‘प्राचीन इतिहासाचा, समृद्ध संस्कृतीचा, पाहुण्याला देव मानणारा देश.’ माहितीपत्रकावर ते छापलेलं असतं आणि विमानतळावर परदेशी पाहुण्यांना हार घालताना मी ते तोंडानं म्हणतो. मी गाइड आहे. वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा किल्ला आणि अलीकडे जालना जिल्ह्यातली खेडी. पूर्वी हे वाक्य म्हणताना मला काहीच वाटायचं नाही. आता घासात खडा आल्यासारखं होतं. पण पोट त्याच वाक्यावर आहे, म्हणून म्हणतो.

खेडी दाखवायची कल्पना आमच्या सेठची. त्याचे आजे-पणजे राजस्थानातून जालन्यात आले, धान्याच्या मोंढ्यात आडत टाकली; ह्यानं आडतीत लक्ष न घालता टुरिस्ट कंपनी काढली. त्याच्या ध्यानात आलं की लेणी पाहून पाहुणे दमतात आणि मग विचारतात, “खरा भारत कुठे पाहायला मिळेल?” म्हणजे शेकडो वर्षं छिन्नी चालवून केलेलं ते सगळं खोटं, आणि म्हशीच्या शेपटीनं उडवलेलं शेण खरं! मी सेठला तसं बोललोही. सेठ हसून म्हणाला, “तू वाद नको घालू. तुझ्या बहिणीचं गाव हाय ना तिकडं? बराबर तिथंच न्यायचं.”

अक्काचं गाव कुंभार पिंपळगावच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालून शाळेत तिनंच पाठवलं. पुढे ती लग्न होऊन त्या गावी गेली, मी शिकून जालन्यात मस्तगडला बिऱ्हाड केलं. पाहुणे आणायला लागलो तेव्हा अक्काला मजाच वाटली. ज्वारीची भाकरी थापताना गोऱ्या बाया तोंडात बोट घालून बघायच्या, तर ती मला म्हणायची, “काय रे भाऊ, ह्यांच्या मुलखात भाकरी झाडाला लागती का?” एखादीला ती पीठही मळायला लावायची आणि तिचा आकार बिघडला की सगळ्या आळीला बोलावून दाखवायची.

गाडी नेहमी एकाच ड्रायव्हरची. तोही मस्तगडचाच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. गाडी त्याची स्वतःची, पांढरी, आणि तिच्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव, असं त्याची बायकोच सांगायची. बोलायला नंबर एक. इंग्रजी मोडकंतोडकं, पण बोलताना तो कधी अडला नाही. पाहुण्यांना माझ्यापेक्षा तोच आवडायचा, आणि ह्याचा मला राग यायचा हेही सांगून टाकतो.

त्या वेळी सेठला त्याच्या वेबसाइटसाठी फोटो हवे होते. लेणी नकोत, ती सगळ्यांकडे असतात. हसणारी लेकरं पाहिजेत. त्यासाठी तो रोज फोन करून ड्रायव्हरला पिडायचा, कारण ड्रायव्हरचा मोबाइल भारी होता आणि हातही बरा होता. आता इथे एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे फोटो काढताना माणूस ‘घेतात’. कॅमेरा दिसला की लेकरं ओरडतात, “मला घ्या, मला बी घ्या!” लग्नात म्हातारी आत्या म्हणते, “मला न्हाई घेतलं रे कुणी.” घेतलं म्हणजे फोटोत घेतलं. फोटो हा शब्द कुणी उच्चारतच नाही. आईच्या दुधाबरोबर शिकलेला शब्द, त्याच्याकडे कोण वळून बघतो?

त्या दिवशीचं जोडपं म्हणजे कुठल्याशा थंड देशातले दोन निवृत्त शिक्षक. बाई उंच, केस पांढरेशुभ्र, गळ्यात कॅमेरा. म्हातारा गुडघ्यांनी गांजलेला, पण स्वभावानं गोड. सकाळी कुंभार पिंपळगावचा आठवडी बाजार दाखवला, बाईनं बांगड्या भरून घेतल्या, मग गावात आलो. बाजारात मला एक गोष्ट जाणवली होती. लोक गाडीकडे बघत होते, पण नेहमीसारखे हसत नव्हते. त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुणीतरी बाई, कुठलंतरी गाव, पोत्यात घातलेलं लेकरू, आणि मागून एका माणसाचा घोगरा आवाज, की टोळी आपल्या भागात आलीय, लेकरं सांभाळा. व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणाला माहीत नाही. अक्कानंही तो पाहिला होता आणि नातवाला दोन दिवस दाराबाहेर काढलं नव्हतं. गावातली तरणी पोरं आळीपाळीनं पहारा देत होती. कामधंदा नसलेल्या पोरांच्या हातात काठी आणि वर कारण, ह्यापेक्षा वाईट काही नसतं.

अक्कानं चूल पेटवली. म्हातारा ओट्यावर पाय पसरून बसला, मी त्याला ठेचा म्हणजे काय ते समजावत होतो. बाईला मारुतीच्या देवळाकडे लेकरं दिसली होती. ती तिकडे निघाली आणि तिची पिशवी घेऊन ड्रायव्हर तिच्यामागे गेला. देऊळ अक्काच्या दारातून दिसतं. मधे एक मोकळं मैदान आणि लिंबाचा पार, बस.

पारावर काय घडलं ते ड्रायव्हरनं मला नंतर जालन्याच्या दवाखान्यात सांगितलं. लेकरं गोळा झाली. बाईनं त्यांना गोळ्या वाटल्या. बाई एकेकाचा गालगुच्चा घ्यायची आणि फोटो काढायची, ड्रायव्हर आपल्या मोबाइलवर काढायचा. तेवढ्यात सेठचा फोन आला. पारावर तिघं-चौघं काठ्या घेऊन बसलेले, आणि हा खणखणीत आवाजात बोलतोय:

“हां सेठ, लेकरं घेतले. सात-आठ घेतले. बाईला लई आवडले, तीच म्हणून राह्यली अजून घ्या, अजून घ्या. न्हाई न्हाई, गावात कुणाला काय सांगायचं त्यात? आता एकदोन बारके घेतो अन् जल्दी निघतो.”

मराठीत ‘ध चा मा’ म्हणतात. एका अक्षरानं पेशव्याचा जीव गेला. इथे तर अक्षरही बदलावं लागलं नाही.

काठीवाल्यांतला एक उठला आणि त्यानं ड्रायव्हरची गचांडी धरली. “कोन्च्या गावचा रे तू?”

“जालन्याचा.”

“लेकरं कुठं नेऊन राह्यला?”

ह्याला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर, रोज दहा लोकांशी थट्टा करणारा. तो हसत म्हणाला, “आता काय बाबा, हे डायरेक्ट फॉरेनला जातेत. सगळं जग बघंल ह्यांना.”

दवाखान्यात हे सांगताना तो हसला. मीही हसलो. हसताना त्याच्या मोडलेल्या बरगड्या दुखल्या आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दोघांना हसू आवरेना. नर्स येऊन रागावली तेव्हा थांबलो.

मी पहिल्यांदा ऐकली ती बाईची किंकाळी. उठून बघितलं तर मैदानात माणसांचा गराडा. बाजारातून परतणारे लोक मोटरसायकली आडव्या टाकून धावत होते. मी अनवाणी पळालो. गराड्यात शिरता येईना, इतकी माणसं एका माणसावर पडली होती. कुणी लाथा घालत होतं, कुणी चपलेनं हाणत होतं, एकाच्या हातात बैलाचा कासरा होता आणि तो कासरा तो उसाच्या फडात कोयता चालवावा तसा शांतपणे, एका लयीत चालवत होता. ड्रायव्हर जमिनीवर कुशीवर पडून डोक्यावर हात धरून होता. त्याचा शर्ट उरला नव्हता. तोंडातून रक्त आणि माती एकत्र येत होती. “फोटो, फोटो,” एवढाच शब्द तो म्हणत होता, आणि तोच शब्द बाजूला उभी असलेली लेकरं ओरडून सांगत होती. कुणी ऐकलं नाही. ज्यांना वाचवायला सगळा गाव धावला होता, त्यांचंच कुणी ऐकलं नाही.

बाईचा कॅमेरा दगडावर आपटून फोडला होता. तिला दोघा बायांनी झिंज्या धरून पारावर दाबून ठेवलं होतं. बायांचा हात तिच्या केसांत होता, आणि सकाळी भरलेल्या बांगड्या फुटून तिच्या मनगटातून रक्त येत होतं.

मी ओरडलो की हे पाहुणे आहेत, माझे आहेत, अमक्याच्या घरी उतरलेत. गावात निम्म्यांना मी माहीत होतो. एकानं माझ्याकडे पाहिलंही. दुसरा म्हणाला, “हा बी त्यांच्यातलाच,” आणि माझ्या नाकावर बुक्की बसली. नाक फुटल्याचा आवाज आतून येतो, बाहेर कुणाला ऐकू येत नाही. मी गुडघ्यावर बसलो. तिथून, माणसांच्या पायांमधून, मला माझा भाचा दिसला.

अक्काचा एकुलता मुलगा. बाजारातून नुकताच आला असावा, कारण त्याच्या मोटरसायकलला भाजीची पिशवी तशीच लटकत होती. अकरावी-बारावीची दोन वर्षं तो माझ्याकडे मस्तगडला राहून शिकला. माझ्या बायकोनं त्याला डबे बांधून दिले, परीक्षेच्या वेळी ताप आला तर मी रात्रभर उशाशी बसलो. त्याच्या हातात वखराचं दांडकं होतं. पहिला घाव त्यानं घातला तेव्हा मी त्याला माफ करू शकलो असतो. गाव मारत होतं, तो आला, त्यानं मारलं. त्याला काय माहीत खाली कोण पडलंय.

मी ओरडलो, “अरे, मामा आहे मी! माझा माणूस आहे तो! सोड त्याला!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. त्याच्या डोळ्यांत ती ओळख मी स्वच्छ पाहिली, त्यात काही गफलत नाही. आणि मग त्यानं दांडकं परत उचललं आणि ड्रायव्हरच्या उजव्या हातावर घातलं, जो हात त्यानं डोक्यावर धरला होता. हाड मोडल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

मी ह्यावर फार विचार केलाय. का मारलं असेल? सगळा गाव बघत होता आणि हात वर गेला होता, एवढंच कारण असावं. वर गेलेला हात मोकळा खाली आणायला जी हिंमत लागते ती त्याच्यात नव्हती. मारायला हिंमत लागत नाही, हे मी त्या दिवशी गुडघ्यावर बसून शिकलो.

तेवढ्यात अक्का आली. ती पळत आली नाही. पदर खोचलेला, हाताला पीठ, आणि कडेवर नातू, माझ्या भाच्याचा सहा-सात महिन्यांचा मुलगा. बायांना कोपरानं ढकलून ती पारावर चढली. ज्या बाईला सगळे लेकरं चोरणारी म्हणत होते, तिच्या मांडीवर तिनं ते लेकरू ठेवलं. बाईचा ओठ फाटला होता. अक्कानं तिचे दोन्ही हात धरून लेकराभोवती नीट बसवले.

मग ती लोकांकडे वळली. “आता मारा,” ती म्हणाली. “तिच्या हातात माझा नातू हाय. मारा की! का थांबले?”

लेकरू रडायला लागलं. बाईच्या रक्ताचे थेंब त्याच्या टोपड्यावर पडले. कासरेवाला थांबला. भाच्यानं आपलं पोर बघितलं आणि त्याच्या हातातलं दांडकं खाली पडलं. तो मागे मागे सरकत गर्दीत गेला. मी त्या वेळी त्याच्यामागे गेलो असतो तर मीही खून केला असता, पण मला उभंच राहता येत नव्हतं.

मी कसाबसा उठलो, गावातले ओळखीचे तिघं पुढे आले आणि आम्ही चौघांनी ड्रायव्हरला उचलून अक्काच्या घरात नेलं; बाईही लेकराला घेऊन आत आली. अक्कानं त्याला स्वतःच्या गादीवर घातलं आणि दाराला आतून कडी लावली. गर्दी गेली नव्हती. पत्र्यावर दगड पडत होते. सगळ्यांना आता संशय आला होता की आपलं चुकलं, आणि चुकलेला माणूस जास्त ओरडतो. अक्का ओल्या फडक्यानं ड्रायव्हरचं तोंड पुसत होती, त्याच्या मोडलेल्या हाताखाली तिनं उशी सरकवली. चुलीवर भाकरी तशीच होती, ती जळून घरभर धूर झाला. म्हाताऱ्या पाहुण्यानं मला हळूच विचारलं, “ते काय म्हणतायत?” भाषांतर हा माझा धंदा आहे. मी त्याला काहीच सांगितलं नाही.

पोलीस आले, तेव्हा अंगणात कुणीही नव्हतं. दगड तेवढे होते.

जोडप्याला दोन दिवसांनी विमानात बसवलं. बाईनं मला विचारलं की लोकांना नेमकं काय वाटलं होतं. मी तिला तो शब्द समजावून सांगितला. ती म्हणाली, “आमच्याकडेही फोटो घेतातच की.” तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिला दर वेळचं वाक्य म्हणालो नाही, एवढी लाज मला होती.

ड्रायव्हरच्या हाताची ऑपरेशनं झाली. जीव वाचला, हात राहिला नाही. म्हणजे आहे, पण मूठ वळत नाही. स्टीअरिंग धरता येत नाही. ती पांढरी गाडी त्यानं विकली. आता तो मस्तगडलाच एका दुकानात बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. बोलणं तेवढं शाबूत आहे.

दवाखान्यात अक्का त्याच्यासाठी डबा घेऊन आली होती. पिठलं-भाकरी, आणि भाकरी चुरून, कारण त्याला अजून चावता येत नव्हतं. त्याला तिनं आपल्या हातानं भरवलं. मग मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

“पोलिसानला नावं देणार हायेस ना?”

“देणार.”

“दे. समद्यायची दे. जे जे होते त्यायची दे.” ती थांबली. “त्याचं नको देऊ.”

मी म्हणालो, “अक्का, हात त्यानंच मोडलाय. मी बघितलंय.”

“मला ठावं हाय. लेकरू लहान हाय त्याचं. सून वेडी होईल. तुझ्या पाया पडते.” आणि माझी थोरली बहीण, जिनं मला आईसारखं वाढवलं, ती खरंच वाकली. मी तिला मधेच धरलं. मला तिचा रागही आला आणि कीवही आली. कोणाच्या मुलाचं नाव द्यायचं आणि कोणाच्या नाही? ज्याच्या आईनं पाहुणीला वाचवलं त्याला सूट, आणि ज्याची आई घरात बसली त्याला तुरुंग? हे मी तिला बोललो. जरा जास्तच जोरात बोललो.

ती म्हणाली, “मंग मला भाऊ न्हाई.” डबा उचलून ती निघून गेली.

मी नाव दिलं. सगळ्यांत आधी त्याचंच दिलं, कारण नंतर दिलं असतं तर जीभ वळली नसती. भाच्याला पकडून नेलं, काही महिने तो आत होता, मग जामीन झाला. त्या दिवाळीला भाऊबीजेला मी पाट मांडून बसलो नाही, कोण ओवाळणार होतं? नातेवाइकांच्या लग्नात अक्का दिसायची, मी ज्या पंगतीला त्या पंगतीला ती बसायची नाही. अक्काच्या जावा-नणंदा मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या, “बहिणीच्या घरात जाळ लावला ह्यानं.” मी लावला! दांडकं ज्यानं घातलं तो राहिला बाजूला. मला अजूनही संताप येतो, लिहितानाही येतोय.

खटला अंबडच्या कोर्टात उभा राहायला वर्षं गेली. ज्या दिवशी साक्षी होत्या त्या दिवशी आधी मला बोलावलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. भाचा समोर उभा होता. त्याच्याकडे बोट करून मी सांगितलं की ह्यानं मला ओळखलं आणि तरी दुसरा घाव घातला. कोर्टात मागच्या बाकावर अक्का बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती.

मग ड्रायव्हरची साक्ष. सरकारी वकिलानं एकेक आरोपी दाखवला. कासरेवाला? “हो, हा होता.” गचांडी धरणारा? “हो साहेब, हाच.” भाच्यापाशी वकील आला आणि म्हणाला, “तुमच्या हातावर मारणारा हा का?”

ड्रायव्हरनं भाच्याकडे नीट, निवांत पाहिलं. मग म्हणाला, “हा नव्हता.”

वकिलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं परत विचारलं. “बिलकुल न्हाई साहेब. हा तिथं नव्हताच.”

आरोपीच्या वकिलानं हसून वहीत काहीतरी खरडलं. मी बाकावर बसल्या जागी जळत होतो. ह्या माणसासाठी मी बहीण गमावली. तासाभरापूर्वी मी शपथेवर जे बोललो, ते त्यानं सगळ्यांसमोर खोटं पाडलं, आणि मोडलेला हात माझा नव्हता, त्याचा स्वतःचा होता!

बाहेर व्हरांड्यात मी त्याची बाही धरली. “का? का बोललास असं?”

“सोडा ना भाऊ.”

“हात गेला तुझा! गाडी गेली! त्यानं घेतला तो हात!”

“गेला ते गेला,” तो म्हणाला. “पण मी त्या घरात पडून होतो. त्या माउलीच्या गादीला माझं रक्त लागलंय. तिनं सोताचा नातू त्या गर्दीत ठेवला, माझ्यासाठी. तिचं पोरगं मी कसं दाखवू? माझ्यानं न्हाई झालं.”

मी काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला. अक्का कोर्टाच्या पायऱ्यांपाशी उभी होती. भाचा तिच्याकडे हसत येत होता. त्याच्या मित्रांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या होत्या आणि वकिलानं त्याला सांगितलं होतं की तू आता सुटल्यातच जमा. अक्कानं पायातली चप्पल काढली. पहिला फटका त्याच्या तोंडावर बसला. दुसरा डोक्यात. मग ती मोजत बसली नाही. तो हात वर करून मागे सरकत होता आणि ती मारत होती, कानावर, मानेवर, खांद्यावर, दातओठ खाऊन मारत होती. मित्र बाजूला झाले. शिपाई धावत आला, वकील ओरडले, “अहो बाई, कोर्ट आहे हे!” कुणालाच ती आटोपेना.

“तो न्हाई म्हणला म्हणून तू नव्हता का रे?” ती धापा टाकत म्हणत होती. “माझ्या दारातून दिसतंय मैदान! मी दारात उभी होते! तू मामाकडं बघितलं अन् मंग मारलं! मी बघितलं, मी!”

भाचा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. इतक्या वर्षांत त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. अक्कानं चप्पल जमिनीवर टाकली, तीत पाय घातला, पदर सावरला. ड्रायव्हरपाशी येऊन तिनं त्याचा न वळणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. मी म्हणालो, “अक्का.” 

ती माझ्या अंगावरून पुढे गेली.

त्यांची बस लागली होती. भाचा मागून आला, सुजलेल्या तोंडानं, आणि बसच्या दाराशी थांबला. आत जावं की नाही त्याला कळत नव्हतं. अक्का खिडकीशी बसली होती. तिनं बाहेर न बघता शेजारच्या जागेवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो चढला आणि तिथे बसला. 

बस गेल्यावर ड्रायव्हर चहा पिऊ म्हणाला, मी नको म्हणालो. मी कोर्टात जे बोललो तेच अक्का व्हरांड्यात बोलली होती, एक शब्दही वेगळा नव्हता. ती ते बोलली आणि पोराच्या शेजारी बसून घरी गेली.